मेणवेलीचे जुने देठ

बूट काढून मी टेबलावर चढलो होतो. एका हाताने खिडकीचा गज धरला होता आणि दुसऱ्या हातात माझी कात्री होती. खाली वर्तमानपत्र अंथरलं होतं, म्हणजे कचरा इकडेतिकडे पडणार नाही. कापलेल्या काड्या त्यावर टपटप पडत होत्या आणि खरं सांगायचं तर मला फार बरं वाटत होतं.

खोली टेलिफोन ऑपरेटरबाईंची. वेलही त्यांचीच. खिडकीशी ठेवलेल्या एका लहानशा कुंडीतून निघून ती गजांवर चढली होती आणि तिथून दोऱ्यांच्या आधाराने भिंतभर पसरली होती. नर्सरीत तिला होया म्हणतात, आम्ही मेणवेल म्हणायचो. पानं जाड, चकचकीत, वरून मेण फिरवल्यासारखी. फुलं आली की गोल झुबका, त्यातलं एकेक फूल म्हणजे लहानशी चांदणी. सगळं कसं देखणं होतं, पण पानांच्या बगलेत मधूनमधून त्या वाळकुड्या काड्या. काही बोटाच्या पेराएवढ्या, गाठाळ, खुंटीसारख्या पुढे आलेल्या. काही हातभर लांब, एकही पान नसलेल्या, नुसत्याच लोंबणाऱ्या. त्या काड्या कित्येक वर्षं माझ्या डोळ्यांत सलत होत्या.

मी पाणीपुरवठा कार्यालयात आवक-जावक कारकून. आलेलं पत्र नोंदवायचं, गेलेलं पत्र नोंदवायचं, यात माझा जन्म गेला. टेबलावर एखादी टाचणी तिरकी पडलेली मला खपत नाही. माझ्या माघारी ऑफिसात मला 'पट्टी' म्हणत, तेही मला माहीत होतं. बाई मात्र 'आवकभाऊ' म्हणत. त्यांना जन्मापासून दिसत नव्हतं, त्यामुळे त्या माणसांना त्यांच्या कामावरून आणि पावलांवरून ओळखत. जिन्यात बूट वाजले की त्या आतूनच म्हणायच्या, "आवकभाऊ, आज डावा पाय का ओढताय?" आणि खरोखरच डाव्या बुटाचा खिळा लागत असायचा.

बहिणीच्या ऑपरेशनसाठी त्या अकरा दिवस रजेवर गेल्या, तेव्हा वेल माझ्यावर सोपवून गेल्या.

"आठवड्यातून एकदाच पाणी," त्या म्हणाल्या. "तेसुद्धा बोट खुपसून बघायचं. कोरडं लागलं तर. कुंडी हलवायची नाही. आणि बाकी काही करायचं नाही, आवकभाऊ. तुमचा हात फार स्वच्छ आहे, म्हणून मुद्दाम सांगते."

"छे छे, मी कशाला काय करतोय," मी म्हणालो.

दहा दिवस मी काहीही केलं नाही. अकराव्या दिवशी साहेब दारातून जाता जाता म्हणाले, "हे जंगल जरा आवरा कुणीतरी." साहेबांवर ढकलता येईल, पण खोटं कशाला बोलू? मला फक्त निमित्त हवं होतं. बाई उद्या यायच्या आहेत, येतील तेव्हा वेल कशी लखलखीत असेल, बोटं फिरवतील आणि खूश होतील, असं मी मनाशी ठरवलं आणि कात्री घेऊन वर चढलो.

शेवटची काडी कापली आणि दार उघडलं. बाई एक दिवस आधीच आल्या होत्या.

काठी कोपऱ्यात, पर्स खुर्चीवर, आणि हात सरळ वेलीकडे. मी त्यांच्यापासून दोन हातांवर, टेबलावर मोज्यांत उभा. "अरे वा, आलात?" असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं. त्यांची बोटं खालच्या पानांवरून वर सरकत एका पानाच्या बगलेत थांबली. तिथे आता काही नव्हतं. मग ती घाईने वर गेली, डावीकडे गेली, आणि जिथे जिथे थांबली तिथे तिथे काही नव्हतं. मेणवेल कापली की पांढरा चीक येतो. तो त्यांच्या बोटाला लागला. अंगठ्याने तो चोळत त्या म्हणाल्या, "आत्ताच कापलंय." आणि त्यांचा चेहरा असा झाला की माझं उघडलेलं तोंड तसंच राहिलं.

मग त्यांनी मान जराशी कलती केली. कान दिला.

"मावशी, तुम्ही आहात का?"

ऑफिसात पाय न वाजवता वावरणारं माणूस एकच होतं, सफाईच्या मावशी. ओल्या फरशीवर चपलांचे ठसे उठतात म्हणून त्या चपला जिन्याखाली ठेवत आणि दिवसभर अनवाणी फिरत. त्यांची फिनेलची बादली दाराशीच होती. फडकं आणायला त्या खाली गेल्या होत्या.

"मावशी?"

मी ओ दिली नाही. पहिल्या हाकेला दिली नाही ती या वयात टेबलावर चढून बसल्याच्या लाजेने. दुसऱ्या हाकेला दिली नाही ती पहिल्या हाकेला दिली नव्हती म्हणून. मी श्वास रोखून धरला. समोर एक माणूस कान देऊन उभं आहे, त्याला दिसत नाही, आणि त्याला दिसत नाही याचा मी फायदा घेतोय, हे मला त्याच क्षणी कळत होतं. नंतर कळलं असं म्हणायची सोयसुद्धा मला नाही.

बोर्डावरचा फोन वाजला. बाई खुर्चीत बसल्या, कानाला हेडफोन लावला आणि रोजच्याच आवाजात म्हणाल्या, "पाणीपुरवठा कार्यालय, नमस्कार." कुणाची तरी पाइप फुटल्याची तक्रार होती. त्या ती ऐकत असताना मी खाली उतरलो, कात्री खिशात घातली, बूट हातात घेतले आणि चोरासारखा बाहेर पडलो. चोरासारखा कसला, चोरच.

व्हरांड्याच्या टोकाला बाकावर बसून नाडी बांधत होतो तेव्हा मावशी वर आल्या. आतलं सगळं मला ऐकू येत होतं.

"अगं बाई, आलात? उद्या येणार होतात ना?"

"मावशी, तुम्ही आत्ता इथेच होतात ना?"

"कुठे? फडकं आणायला खाली गेले होते."

"बादली इथे आहे."

"बादली आहे, पण मी नव्हते."

"मग वेल कोणी कापली?"

"मला काय माहीत? तुमच्या वेलीला मी कधी हात लावते का?"

"मी हाक मारली तुम्हाला. दोनदा."

"अहो, मी नव्हतेच, तर ओ कुठून देणार?"

थोड्या वेळाने मावशी बाहेर आल्या त्या काड्यांचं वर्तमानपत्र पोटाशी धरून. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बघा हो आवकभाऊ, भलताच आळ." मी नाडीची गाठ बांधत होतो. ती गाठ मी तीनदा सोडून परत बांधली.

चुकलं काय, हे मला अजून नीटसं कळलं नव्हतं. काड्याच तर होत्या, येतील परत, असं मनाशी म्हणत होतो. कुणाला विचारावं तर ऑफिसातला प्रत्येक फोन बाईंच्या बोर्डावरून जायचा. आमच्या ऑफिसात फोनवरून गुपित बोलणं म्हणजे भोंगा लावून बोलणं. म्हणून रविवारी मी स्वतः नर्सरीत गेलो. बाईंना वेल दिली होती ती याच नर्सरीवाल्याने. त्याच्या नळाला वर्षभर पाणी नव्हतं, तो रोज फोन करून करवादायचा, आणि बाईंनी चार टेबलांच्या मागे लागून त्याचं काम करून दिलं. तेव्हा तो काचेच्या पेल्यात एक फांदी घेऊन आला. बाई म्हणाल्या होत्या, "मला काय करायचंय फूल?" तर म्हणाला, "हे डोळ्यांचं फूल नाहीच, बाई. बोटांनी बघायचं, आणि संध्याकाळी नाकाने."

मी त्याला विचारलं, "समजा, पानांच्या बगलेतल्या वाळक्या काड्या कुणी कापल्या, तर?"

त्याने हातातली झारी खाली ठेवली. "पेराएवढ्या? गाठाळ?"

"हो."

"अहो, तोच तर तिचा फुलाचा देठ! इतर झाडांचं फूल सुकलं की देठ काढून टाकतात, हिचा ठेवायचा. पुढच्या वर्षी फूल त्याच देठाच्या टोकाला येतं. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा तिथेच. प्रत्येक फुलोऱ्याला देठ कणभर वाढतो. कोणी कापले?"

"एक ओळखीचे आहेत."

"नाकाने कांदे सोलणारे दिसतात. आणि लांब काड्या?"

"त्यासुद्धा."

"त्या तर तिच्या नव्या फांद्या. आधी काडी धावते, मग पानं येतात." तो हळहळला. "आता नवे देठ धरायला दोन वर्षं, तीन वर्षं. खत जास्त घालू नका म्हणावं. पाणी जास्त घालू नका. मुळं आवळलेली बरी असतात, कुंडी बदलू नका. बिचारीला काही फारसं लागत नाही. रानात दुसऱ्या झाडाच्या खोडावर बसते, पण त्या झाडाचं काही खात नाही. आपलं पाणी आपण पिते. बांडगूळ नव्हे ती."

परत येताना वाटेत मला तो शब्द चिकटला. बांडगूळ.

कारण तोपर्यंत मावशी आणि बाईंचं बोलणं बंद झालं होतं. नऊ वर्षं त्या दोघी त्या खोलीत एकत्र डबा खात होत्या. नऊ वर्षं रोज संध्याकाळी मावशी पुढे आणि बाई त्यांच्या खांद्यावर हात ठेवून मागे, अशा दोघी बसथांब्यापर्यंत जात. जाताना मावशी सगळं सांगत जायच्या: दुकानाला कुठला रंग दिलाय, कोण जाडी झालीय, कुत्र्याला किती पिल्लं झाली. आता मावशी मागच्या जिन्याखाली एकट्या डबा खाऊ लागल्या आणि बाई एकट्या काठी टेकत निघू लागल्या. आठवडाभरातच त्या एका खड्ड्यात पडता पडता वाचल्या. खड्डा आमच्याच खात्याने खणलेला.

दुसऱ्या दिवशी मी म्हणालो, "बाई, मी सोडतो तुम्हाला."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. अगदी हलका हात, पण मला पोतं ठेवल्यासारखा वाटला. मावशी व्हरांड्यात फडकं पिळत होत्या. त्यांनी वर बघितलं आणि पुन्हा पिळायला लागल्या. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो मी.

वाटेत बाई पहिल्यांदाच त्या विषयावर बोलल्या.

"तुम्हाला वाटत असेल, एवढ्याशा वेलीसाठी बाईने केवढं धरून ठेवलंय."

"नाही हो."

"कापली त्याचं काही नाही, आवकभाऊ. चुकून होतं. पण मी विचारलं आणि ती श्वास रोखून उभी राहिली. मला कळत होतं कुणीतरी आहे. शेजारी उभं राहून बोलली नाही. इतर लोक करतात तसं. लहानपणापासून करतात लोक. समोर उभे राहतात आणि नसल्याचं नाटक करतात. कोणी हसायला करतात, कोणी टाळायला. ती नव्हती त्यातली. निदान मला तसं वाटत होतं."

त्या वेळी सांगायला हवं होतं. माझ्या तोंडून काय निघालं, तर, "जाऊ द्या हो बाई, साधी माणसं असतात, घाबरतात." म्हणजे जो आळ मी आत्तापर्यंत मुकाट्याने घातला होता, तो आता बोलून पक्का केला.

असं करत तीन वर्षं गेली. सांगायचं मी अनेकदा ठरवलं. सोमवारी ठरवायचो, मंगळवारी बाईंना सर्दी असायची. एकदा तर बसथांब्यावर "बाई, एक सांगायचं होतं" इथपर्यंत आलो होतो आणि नेमकी वेळेवर बस आली. एरवी ती बस वेळेवर आल्याचं कुणी पाहिलेलं नाही. दिवस जातील तसं सांगणं सोपं होईल ही माझी समजूत. उलटच झालं. कारण आता लोक माझं कौतुक करू लागले होते. "माणुसकी आहे हो पट्टीत," असं तक्रारींच्या टेबलावर कुणीतरी म्हणालेलं मी ऐकलं. घरी बायको म्हणायची, "इथे कोपऱ्यावरून दूध आणायला पाय दुखतात आणि बाईंना सोडायला बरे दुखत नाहीत." ती थट्टा करायची, पण तिलाही अभिमान होता. चार माणसांत सांगायची. चारचौघांत कुणी चांगलं म्हटलं की मी कानशिलापर्यंत तापायचो, आणि लोक म्हणायचे, बघा, किती विनयी.

मावशींशी मी फार गोड वागायचो. त्या फरशी पुसायला आल्या की पाय वर घ्यायचो. "बसा हो मावशी जरा, दमलात," म्हणायचो. चोराच्या मनात चांदणं. त्या म्हणायच्या, "एक तुम्हीच विचारता बघा."

वेलीलाही मी फार जपलं, म्हणजे नर्सरीवाल्याने सांगितलं त्यापलीकडे फारसं काही केलं नाही. पानांवर धूळ बसली तर ओल्या फडक्याने पुसायचो. एकदा पानांखाली कापसासारखी पांढरी कीड दिसली, ती स्पिरिटच्या बोळ्याने एकेक टिपून काढली. कात्री मात्र मी घरी नेऊन ठेवली होती. ऑफिसात नवी मागितलीच नाही. पाकिटं पट्टीने फाडायचो.

तिसऱ्या वर्षी, बाईंची निवृत्ती महिन्यावर आली असताना, एके दिवशी दुपारी त्यांनी मला आतून जोरात हाक मारली. "आवकभाऊ! हात द्या!" माझं बोट धरून त्यांनी पानाच्या बगलेत नेलं. तिथे एक कोवळा देठ होता आणि देठाच्या टोकाला दाण्यांएवढ्या कळ्यांचा गुच्छ. बाई लहान मुलीसारख्या हसत होत्या. "आल्या बघा. मी जायच्या आत आल्या." मग म्हणाल्या, "पहिल्या वर्षी फुलं आली होती ना, तेव्हा मी आणि मावशी संध्याकाळी इथे बसलो होतो. वास सुटेपर्यंत. तिची शेवटची गाडी चुकली होती." आणि त्यांनी माझं बोट सोडलं.

त्या रात्री मी जेवलो नाही. बायकोने विचारलं तर पोट बिघडलंय म्हणालो.

बाईंचा शेवटचा दिवस आणि बोर्डाचा शेवटचा दिवस एकच होता. सोमवारपासून फोन आपोआप जोडणारं यंत्र बसणार होतं. चार वाजता हॉलमध्ये निरोपाचा कार्यक्रम. साहेबांनी मला सांगितलं, "तुम्हीच घेऊन या बाईंना. तुमचाच मान आहे तो."

वर आलो तर व्हरांडा नुकताच पुसलेला. फरशी आरशासारखी ओली. मावशी पाणी बदलायला गेल्या असाव्यात. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. त्या दिवशीसुद्धा मला त्या फरशीवर ठसे उमटवायचं जिवावर आलं. मी बूट काढले, हातात घेतले आणि बाईंच्या दारात जाऊन उभा राहिलो.

बाई बोर्डासमोर बसल्या होत्या. निरोपासाठी चांगली साडी नेसल्या होत्या. खिडकीत कळ्या टपोऱ्या झाल्या होत्या. बाईंनी मान कलती केली.

"मावशी?"

मी ती हाक तीन वर्षांपूर्वी ऐकली होती. पण आजची वेगळी होती. बाई अर्धवट उठल्या होत्या, एक हात पुढे आला होता. मावशी शेवटच्या दिवशी तरी येतील, याची त्या सकाळपासून वाट बघत असणार.

"मावशी, तुम्ही आहात का?"

याही वेळी मला मागच्या मागे जाता आलं असतं. पाय तसे वळायलाही लागले होते, हेही सांगून टाकतो.

"नाही, बाई," मी म्हणालो. "मी आहे."

पुढे आलेला हात हळूच खाली गेला. "आवकभाऊ? बूट कुठे आहेत तुमचे?"

"हातात."

"हातात कशाला?"

"फरशी ओली आहे." "त्या दिवशीपण हातातच होते, बाई. वेल कापली त्या दिवशी. मी टेबलावर उभा होतो."

बाई तशाच उभ्या राहिल्या. खाली हॉलमध्ये खुर्च्या सरकवल्याचे आवाज येत होते. मग बोर्डावरचा फोन वाजला. त्या बसल्या. "पाणीपुरवठा कार्यालय, नमस्कार." कुणाला तरी बिलाचं टेबल हवं होतं. त्यांनी ते जोडून दिलं, कानाचा हेडफोन काढला आणि मांडीवर ठेवला.

"तीन वर्षं रोज तुमच्या खांद्यावर माझा हात होता," त्या म्हणाल्या. "एकदाही खांदा हलला नाही तुमचा. खांद्यावरून मला माणूस कळतो, असं मी सगळ्यांना सांगत आले."

मी म्हणालो, "बाई, माझी लायकी नाही..."

"ते राहू द्या. मावशींना बोलवा."

"हॉलमध्ये सगळे थांबलेत."

"थांबू देत."

मावशी बादली घेऊन जिना चढत होत्या. बाईंनी बोलावलंय म्हटल्यावर आल्या, पण दाराशीच थांबल्या. आत पाऊल टाकेनात. बाई म्हणाल्या, "सांगा त्यांना. मी नाही सांगणार." मग मी मावशींसमोर, बूट हातात धरून, सगळं पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं, तेही खोटं ठरलं. बाईंना निदान माझं तोंड दिसत नव्हतं.

मावशींनी बादली खाली ठेवली. मला वाटलं ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मी पुसायला आले की पाय वर घ्यायचात तुम्ही," त्या म्हणाल्या. "बसा मावशी, दमलात मावशी. मी घरी जाऊन सांगायचे, ऑफिसात एक चांगला माणूस आहे." त्यांनी पदराने हात पुसले. हात कोरडेच होते, तरी पुसत राहिल्या. "तीन वर्षं हो! मी रात्री पडल्या पडल्या विचार करायचे, खरंच मी कापली का काय? माझीच मला खात्री वाटेना."

"मावशी," बाई म्हणाल्या, "मी तुमचं ऐकून घेतलं नाही."

"नाही घेतलंत."

"चुकलं माझं."

"चुकलंच," मावशी म्हणाल्या, आणि आत गेल्या. मी दारात उभा होतो. त्या माझ्या बाजूने गेल्या, अंग चोरून, खांबाच्या बाजूने जावं तशा. त्यांनी बाईंचा हात धरून तो आपल्या खांद्यावर ठेवला आणि म्हणाल्या, "चला, खाली साहेब भाषण पाठ करून बसलेत. ही साडी कोणी निवडली? रंग चांगला आहे."

हॉलमध्ये साहेबांनी भाषणात माझं नाव घेतलं. बाईंची ज्यांनी तीन वर्षं निरपेक्ष सेवा केली, वगैरे. टाळ्या झाल्या. मी मान खाली घालून बसलो होतो. वर बघितलं तेव्हा दोनच माणसं टाळ्या वाजवत नव्हती. एक हार घालून खुर्चीत बसल्या होत्या, आणि दुसऱ्या त्यांच्या मागे उभ्या होत्या.

निघताना बाई माझ्यापाशी थांबल्या. मी होतो तिथेच त्या कशा थांबल्या, कुणास ठाऊक.

"कळ्या आलेल्या वेलीला हलवलं की कळ्या गळतात," त्या म्हणाल्या. "फुलं होईपर्यंत इथेच राहू दे. मग मावशी घेऊन येतील. आठवड्यातून एकदा पाणी. बाकी काही करायचं नाही."

"नाही करणार," मी म्हणालो.

खिडकीतून मी दोघींना जाताना पाहिलं. मावशी पुढे, बाई मागे, खांद्यावर हात. मावशी हातवारे करून काहीतरी सांगत होत्या. तीन वर्षांचं साठलेलं असणार. त्या रस्त्यावरून मी तीन वर्षं बाईंना नेलं होतं, पण दुकानाचा रंग कुठला, हे त्यांना सांगायचं मला कधी सुचलं नव्हतं.

फुलं नवव्या दिवशी उमलली. खोलीत आता बोर्ड नव्हता, भिंतीवर त्याच्या जागी फिकट चौकोन होता. संध्याकाळ झाली की वास व्हरांड्यापर्यंत यायचा आणि सगळे विचारायचे, हा कसला वास? मी कुंडीत बोट खुपसून बघायचो. ओलं असायचं. मग काही करायचं नसायचं.

फुलं गळून गेल्यावर मावशी कुंडी न्यायला आल्या. त्या सकाळी खोली त्यांनीच पुसली होती. मी दोऱ्या सोडवून वेल अलगद गुंडाळून ठेवली होती, आणि फुलं गेलेला देठ तसाच ठेवला होता. त्यांनी आधी तो देठच बोटाने चाचपून पाहिला. मग कुंडी कमरेवर घेतली. मी दारात बाजूला झालो. ओल्या फरशीपुढे बूट काढून उभा होतो, सवयीने.

मावशींनी माझ्या पायांकडे बघितलं.

"आवकभाऊ," त्या म्हणाल्या, "ऑफिसात बूट घालूनच फिरत जा. फरशी काय, परत पुसता येते."

आणि त्या अनवाणी, आवाज न करता, जिना उतरून गेल्या. मी वाकून बूट घातले, नाड्या बांधल्या, आणि ओल्या फरशीवर ठसे उमटवत माझ्या टेबलापर्यंत गेलो.